देवासची वाट : कलावंतभेटीच्या एका प्रथेचा इतिहास

हिंदुस्थानी संगीताविषयी मराठीत जे लेखन झाले, त्याचा मोठा आणि वाचनीय भाग ग्रंथालयात बसून लिहिला गेलेला नाही; तो कलावंताच्या दारात जाऊन, त्याच्या बैठकीत तासन्‌तास बसून, त्याचा लहरीपणा सोसून आणि घरी परतल्यावर आठवेल तसे टिपून ठेवून सिद्ध झाला आहे. या प्रथेला कोणतेही शास्त्रीय नाव नाही. बोलीत तिला नुसते ‘भेटीला जाणे’ म्हणतात. मैफलीत श्रोता तिकिटाच्या किंवा निमंत्रणाच्या बळावर बसतो, शागीर्द गंडा बांधून म्हणजे गुरूच्या हातून दोरा बांधून घेऊन शिष्यत्वाच्या नात्याने राहतो. भेटीला गेलेल्या माणसाचे स्थान मात्र या दोहोंच्या मधले असते, कारण त्याला गाणे शिकायचे नसते, पण गाण्यामागचा विचार कळावा असे वाटत असते, आणि त्यासाठी त्याला कलावंताचा पाहुणा व्हावे लागते. विसाव्या शतकात या प्रथेचे एक ठळक ठिकाण महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, माळव्यातील देवास या गावी तयार झाले, आणि तेथे जाणाऱ्यांनी जे लिहिले त्यातून कुमार गंधर्व या प्रयोगशील गायकाची प्रतिमा मराठी व हिंदी वाचकांच्या मनात घडली.

या प्रथेची मुळे पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रवासांपर्यंत मागे नेता येतात. मुंबईत वकिली करणाऱ्या भातखंड्यांनी 1904 साली दक्षिणेचा दौरा केला आणि एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितांची भेट घेतली. पुढील काही वर्षांत ते उत्तरेकडील अनेक शहरांतही फिरले. हे प्रवास तीर्थयात्रेच्या श्रद्धेने केलेले नव्हते. भातखंडे प्रश्नांची यादी घेऊन जात, रागाचे आरोह-अवरोह आणि वादी-संवादी स्वर (म्हणजे रागातील प्रधान आणि त्याला पूरक असणारा स्वर) विचारत, आणि समोरचा विद्वान किंवा गवई उत्तर देऊ शकला नाही तर तेही रोजनिशीत नोंदवून ठेवीत. 1910 ते 1932 या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली त्यांची मराठी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेली आहे, हा योगायोग मानण्याचे कारण नाही; प्रश्नोत्तरांची जी सवय प्रवासात जडली, तीच ग्रंथाची रीत झाली असे म्हणता येते. मात्र या संवादात बोलणारा गुरू भातखंडेच आहेत. ज्या उस्तादांना त्यांनी गाठले त्यांची बाजू त्या उस्तादांच्या शब्दांत कोठेही आलेली नाही, आणि भेटीतून निर्माण होणाऱ्या साहित्याची ही उणीव पुढेही कायम राहिली.

दुसऱ्या पिढीत या प्रथेचा सूर मवाळ झाला. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ चालवलेले संगीत विद्यालय हे निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांचे येण्याजाण्याचे ठिकाण होते. उस्तादांकडून चिजा मिळवाव्यात, त्यांच्या रियाजाची, खाण्यापिण्याची आणि रागालोभाची हकीकत ऐकावी आणि ती ‘संगीत कला विहार’ मासिकातून लिहावी, हा देवधरांचा अनेक वर्षांचा उद्योग होता. त्या लेखांचेच पुढे ‘थोर संगीतकार’ हे पुस्तक झाले. भातखंड्यांनी गवयाकडून रागाचे लक्षण घेतले आणि गवई सोडून दिला, देवधरांनी गवईही घरात आणला. घराण्याच्या भिंती पाळल्या जाण्याच्या काळात त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता, हेही या मोकळेपणाशी जुळणारेच आहे. याच विद्यालयात 1936 च्या सुमारास बेळगाव भागातील सुळेभावी येथे 8 एप्रिल 1924 रोजी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा मुलगा दाखल झाला. थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल करणारा बालगायक म्हणून त्याचा तोपर्यंत बोलबाला झालेला होता आणि ‘कुमार गंधर्व’ ही पदवीही त्याला मिळालेली होती. थोर गवयांना जवळून पाहणे, त्यांच्याशी बोलणे आणि त्यांच्या गाण्याची चिकित्सा करणे हे ज्या घरात रोजचे होते, त्या घरात तो वाढला. पुढे लोक त्याच्याकडे जाऊ लागले तेव्हा पाहुण्याला काय हवे असते हे त्याला ठाऊक होते.

देवासला पाहुण्यांची सवय त्याहूनही जुनी होती. पहिल्या बाजीरावाच्या माळव्यातील मोहिमांबरोबर आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी तेथे राज्य स्थापले आणि पुढे त्याची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. पाती म्हणजे वाटणीतला हिस्सा. पण ही वाटणी अशी विचित्र होती की एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे आणि दोन दरबार नांदत होते. गावावर चामुंडा आणि तुळजाभवानी यांची ठाणी असलेली टेकडी उभी आहे. राजघराणे मराठा, सभोवतालची प्रजा माळवी बोलणारी, आणि दरबाराच्या सणसमारंभांवर दख्खनी रीतींची छाप, असा तो संमिश्र प्रदेश होता. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचा विवाह कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्येशी झालेला होता, आणि त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव हेच 1947 साली शहाजी म्हणून कोल्हापूरच्या गादीवर गेले.

या तुकोजीरावांचा पाहुणा म्हणून इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1912 च्या अखेरीस प्रथम देवासला आला आणि 1921 साली काही महिने त्यांचा खासगी चिटणीस म्हणून राहिला. बागा, वीजघर आणि मोटारी यांची देखरेख करताना त्याची जी तारांबळ उडाली, तिचे वर्णन त्याने आईला आणि मित्रांना लिहिलेल्या पत्रांत येते. ती पत्रे 1953 मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने प्रसिद्ध झाली. राजवाड्यातील गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने जवळून पाहिला आणि तो ‘अ पॅसेज टु इंडिया’ (1924) या कादंबरीच्या तिसऱ्या भागाचा पाया ठरला. एका इंग्रज कादंबरीतील देवळात तुकारामाच्या नावाचा गजर ऐकू येतो तो याच मराठी दरबारामुळे, ही गोष्ट मराठी समीक्षेने जितकी उचलून धरायला हवी होती तितकी धरलेली नाही. फॉर्स्टरचे लेखन मायेचे आहे, विनोदी आहे, आणि तरीही एकतर्फी आहे. 1933 नंतर कर्जबाजारी होऊन पाँडिचेरीला गेलेल्या आणि 1937 मध्ये तेथेच निधन पावलेल्या या राजाची ओळख आज जगाला होते ती त्याच्या पाहुण्याच्या लेखणीतून.

गाण्याच्या दृष्टीनेही देवास ओस नव्हते. बीनकार बंदेअली खाँ यांची तालीम लाभलेले आणि उमेदीच्या काळात कोल्हापुरात राहिलेले उस्ताद रजबअली खाँ तेथे वास्तव्याला होते. अतिवेगवान, वक्र आणि दमदार तानांसाठी आणि तितक्याच तापट स्वभावासाठी त्यांचा लौकिक होता. 1959 साली त्यांचे निधन झाले. म्हणजे दहा-अकरा वर्षे हे गाव एकाच वेळी तानेच्या जुन्या बादशहाचे आणि तानेचा अर्थच नव्याने शोधू पाहणाऱ्या एका रुग्ण तरुणाचे होते.

तो तरुण 30 जानेवारी 1948 रोजी, महात्मा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, देवासला पोहोचला. मुंबईत त्याचे नाव झालेले होते, 1947 मध्ये भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला होता आणि लगेच क्षयाने गाठले होते. कोरड्या हवेसाठी माळवा बरा, हा वैद्यकीय सल्ला आणि इंदूरकडच्या स्नेह्यांचा आधार या दोन कारणांनी हे गाव निवडले गेले. पुढील सुमारे पाच वर्षे गाण्याला बंदी होती. भानुमतींनी संसार आणि शुश्रूषा सांभाळली, पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध उपलब्ध झाले आणि 1953 च्या सुमारास कुमार पुन्हा गाऊ लागले, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. त्यांच्या गाण्यातील तुटक, झेपावणारे स्वरवाक्य आणि अचानक येणारे मौन हे या शारीरिक मर्यादेतून आले, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. ते अर्धवट आहे. श्वास अपुरा असणाऱ्या गायकापुढे अनेक मार्ग असतात, त्यांपैकी हाच का निवडला याचे उत्तर फुप्फुसात सापडत नाही; त्यासाठी अंथरुणावर पडून त्यांनी जे ऐकले त्याकडे पाहावे लागते.

ते ऐकणे म्हणजेच या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची भेट होय. घराजवळून गात जाणाऱ्या माळवी बायका, बाजाराच्या दिवशी येणारे खेडूत, आणि देवासमधील शीलनाथ महाराजांच्या धुनीवर येणारे नाथपंथी जोगी यांची गाणी कुमारांच्या कानांवर पडत राहिली. माळवी लग्नगीत किंवा ऋतुगीत बहुधा चार-पाच स्वरांच्या आटोपशीर परिसरातच फिरते; त्यात रागविस्तार नसतो, परंतु विशिष्ट स्वरांचा विशिष्ट वळणाने होणारा पुन:पुन्हा उच्चार असतो. कुमारांनी अशा धुना टिपून घेतल्या आणि त्यांतील काहींमध्ये रागाचे बीज आहे असा विचार मांडला. राग म्हणजे शास्त्रकाराने स्वरांची बेरीज-वजाबाकी करून बनवलेली रचना नसून लोकधुनेचे उन्नत रूप आहे, ही त्यामागची धारणा. त्यातून जे नवे राग त्यांनी सिद्ध केले त्यांना ‘धुनउगम’ म्हणजे धुनेतून उगवलेले राग असे नाव मिळाले. लगनगंधार, मालवती, संजारी, अहिमोहिनी, सहेली तोडी ही त्यांतील काही नावे. या रचना आणि त्यांमागचा विचार 1965 साली मौज प्रकाशनाने काढलेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात आला. जोग्यांकडून ऐकलेल्या निर्गुणी भजनांचा, म्हणजे सगुण मूर्तीऐवजी निराकार तत्त्वाला उद्देशून रचलेल्या कबीरादी संतांच्या पदांचा, संस्कारही याच काळातला आहे.

माळव्यात राहूनही कुमार एकाकी पडले नाहीत याचे श्रेय इंदूरला द्यावे लागते. देवासपासून सुमारे 35 किलोमीटरवरच्या या होळकरी शहरात मराठी वस्ती जुनी होती, आणि रामूभैया दाते यांच्यासारखा रसिक तेथे होता. अबकारी खात्यात अधिकारी असलेल्या या गृहस्थाचे घर म्हणजे गवयांचा आणि गाणे ऐकणाऱ्यांचा हक्काचा उतारा; पु. ल. देशपांड्यांनी ‘गणगोत’मध्ये त्यांचे व्यक्तिचित्र रेखाटले ते याच नात्याने. ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर आणि नाट्यकर्मी बाबा डिके यांच्याशी कुमारांचा जो जिव्हाळा जुळला, त्यात एकही व्यवसायाने गवई नव्हता. गाण्याविषयीची चर्चा गवयांच्या वर्तुळाबाहेर, वर्तमानपत्र, चित्र आणि रंगभूमी यांच्या भाषेत होऊ लागली की घराणे, तालीम आणि वारसा हे शब्द मागे पडतात व रचना, आशय, अवकाश हे शब्द पुढे येतात. कुमारांच्या मांडणीवर या संगतीची छाया स्पष्ट दिसते, आणि समीक्षकांनी ती बहुधा त्यांच्या एकट्याच्या प्रतिभेच्या खात्यावर जमा केली आहे.

1960 नंतर टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या ‘भानुकुल’ या घराकडे मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांची रीघ लागली. 1961 मध्ये भानुमतींचे निधन झाले होते. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घराचा संसार 1962 पासून वसुंधरा कोमकळी यांनी, स्वतःचे गाणे सांभाळत, चालवला. मुंबईहून रात्रभराचा प्रवास करून आलेल्या माणसाला तासाभरात परत जाता येत नसे, हे भौगोलिक वास्तव येथे निर्णायक ठरले. मुंबईच्या मैफलीत कुमारांना ऐकणारा श्रोता टाळ्या वाजवून निघून जाई. देवासला तोच श्रोता जेवायला थांबे, मुक्काम करी, आणि मैफलीत कधीच न दिसणारी गोष्ट, म्हणजे गाण्याची पूर्वतयारी, त्याला पाहायला मिळे.

त्या तयारीत तंबोरे जुळवण्याला जे स्थान होते, ते इतर गवयांकडे क्वचितच आढळते. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरील घोडीवरून तार जेथे जाते तेथे घोडीचा पृष्ठभाग किंचित उतरता घासलेला असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवला की एका ठराविक जागी तार एकदम खुलते व मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर ऐकू येऊ लागतात. या झंकाराला जवारी म्हणतात. खुंटीने तार ढोबळमानाने स्वरात आणायची, घोडीखालच्या मण्याने ती सूक्ष्म जुळवायची आणि शेवटी दोऱ्याने जवारी उघडायची, असा हा क्रम असतो. कुमार या कामात कितीही वेळ घालवीत, कारण त्यांच्या मते तंबोरा हा गायकाला षड्जाची आठवण करून देणारा सोबती नसून गाण्याचा अवकाशच होता. दोन तंबोऱ्यांचा नाद एकजीव झाला की त्यात गायचा स्वर आधीच हजर असतो आणि गायकाने तो फक्त स्पष्ट करायचा असतो. हा विचार मैफलीतील गायनावरून ताडणे अवघड होते. तो ज्यांनी लिहून ठेवला, त्यांना तो जुळवणी पाहताना कळला.

या पाहुण्यांपैकी वामनराव देशपांडे यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. पेशाने हिशेबतपासनीस असलेल्या वामनरावांनी ‘घरंदाज गायकी’ (1961) या ग्रंथात घराण्यांची मांडणी स्वर आणि लय यांच्या प्रमाणावर केली : एका टोकाला स्वरप्रधान किराणा, दुसऱ्या टोकाला लयप्रधान आग्रा आणि समतोलाच्या जागी जयपूर. मांडणी इतकी नेटकी होती की तिच्यात न बसणारा गायक लगेच उघडा पडे, आणि कुमार गंधर्व हे असे गायक होते. वामनरावांनी त्यांना बाहेर ठेवले नाही की ओढूनताणून आत बसवले नाही. ते अनेक वर्षे त्यांच्याशी बोलत राहिले आणि वाद घालत राहिले. त्यांचे चिरंजीव सत्यशील देशपांडे देवासला जाऊन कुमारांचे शिष्य झाले, आणि पुढे त्यांनी मुंबईत ‘संवाद फाउंडेशन’च्या द्वारे निरनिराळ्या गवयांच्या गायनाचे व बोलण्याचे ध्वनिमुद्रण करून ठेवले. पित्याची भेट ग्रंथात उतरली, पुत्राची ध्वनिफितीत. या दोहोंपैकी दुसरे साधन इतिहासकाराला अधिक भरवशाचे वाटावे, कारण तेथे यजमान स्वतःच्या आवाजात बोलतो, अडखळतो आणि प्रश्न झिडकारतोही. ‘कुमार गंधर्व : मुक्काम वाशी’ हे संवादांवर आधारलेले पुस्तकही याच कारणासाठी स्मरणरंजनपर लेखांच्या ढिगाहून वेगळे ठरते.

तो ढीग लहान नाही, आणि त्याचे दोष सारखेच आहेत. कुमारांनी स्वतः फारसे गद्य लिहिले नाही. त्यामुळे त्यांच्या तोंडी घातलेली वाक्ये एका लेखातून दुसऱ्या लेखात फिरताना थोडीथोडी बदलत गेली आणि शेवटी सुभाषितांसारखी गुळगुळीत झाली. आजारपण, टेकडी, खिडकीबाहेरचे लोकगीत आणि पुनर्जन्म या क्रमाने सांगितली जाणारी कथा इतकी घोटून पक्की झाली की ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम किंवा गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने 1969 मध्ये रचलेला गांधीमल्हार यांची कठोर सांगीतिक चिकित्सा मराठीत कमीच झाली. बालगंधर्वांची नाट्यपदे नव्या आवाजात मांडताना कुमारांनी काय सोडले आणि का सोडले, हा प्रश्न भक्तिभावाने विचारता येत नाही.

भाषेनुसार या प्रतिमेचे दोन भाग झाले, हेही नोंदवायला हवे. मराठी पाहुण्याने देवासहून राग, बंदिश, घराणे आणि नाट्यसंगीत आणले. हिंदी कवींनी कबीर आणला. भोपाळच्या भारत भवनाशी निगडित असलेले कवी अशोक वाजपेयी यांनी कुमारांच्या मृत्यूनंतर ‘बहुरि अकेला’ हा काव्यसंग्रह त्यांना उद्देशून लिहिला. 12 जानेवारी 1992 रोजी देवासमध्ये गेलेला हा गायक हिंदी वाचकाला मुख्यतः निर्गुणाचा साधक म्हणून परिचित आहे, तर मराठी वाचकाला परंपरेशी वाद घालणारा रचनाकार म्हणून. जब्बार पटेल यांचा ‘हंस अकेला’ हा माहितीपट या दोन्ही बाजू एकत्र आणण्याचा प्रयत्न करतो, आणि अमेरिकन अभ्यासक लिंडा हेस यांनी ‘सिंगिंग एम्प्टिनेस’ (2009) या पुस्तकात कुमारांनी गायलेल्या कबीरपदांची भाषांतरे केली तीही देवासच्या घराशी संबंध जोडूनच.

या सगळ्या लेखनात माळव्याची ती मूळ माणसे मात्र बिननावाची राहिली होती. ज्या बायकांच्या धुनांतून राग निघाले त्यांची नावे मराठी ग्रंथांत आढळत नाहीत, आणि ‘एक जोगी गात होता’ याच्या पुढे निर्गुणी भजनांची हकीकत सहसा जात नाही. हे चित्र बदलू लागले ते एकविसाव्या शतकात. शबनम विरमाणी यांच्या कबीर प्रकल्पातील ‘कोई सुनता है’ या चित्रपटाने कुमारांचा मागोवा घेताना माळव्यातील ग्रामीण भजनमंडळ्यांनाही बोलते केले, आणि लिंडा हेस यांच्या ‘बॉडीज ऑफ साँग’ (2015) या पुढील ग्रंथाचा केंद्रबिंदू देवासचे घर नसून लुनियाखेडीचे गायक प्रह्लादसिंह टिपानिया आणि त्यांच्याभोवतीची कबीर गाणारी खेडी आहेत. टिपानिया शिक्षक होते, तंबूर घेऊन ते रात्रभराच्या भजनांना बसत, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कबीर कसा गावा आणि कोणासाठी गावा याविषयी त्यांची स्वतःची ठाम मते आहेत, ती शास्त्रीय मैफलीच्या कल्पनेशी जुळतातच असे नाही, आणि भेटीला आलेल्या अभ्यासकांना ती आता त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी लागतात.